महामहोपाध्याय मिराशी आणि जाम नदीचा पूल

पूल बांधून पुरा झाला की त्याला नाव द्यावे लागते, आणि नाव देण्याची वेळ आली म्हणजे माणसांच्या मनात प्रथम उभा राहतो तो राजा, सेनापती किंवा मंत्री. इंग्रजी अमदानीत पुलांना गव्हर्नरांची व लाटसाहेबांची नावे मिळाली. स्वातंत्र्यानंतर त्यांपैकी कित्येक नावे पालटली आणि त्यांच्या जागी छत्रपतींची व देशभक्तांची नावे आली. शिक्षकाचे नाव धारण करणारा पूल मात्र विरळाच. मुंबईस अंधेरी येथे लोहमार्गावरून जाणारा पूल गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाचा आहे. गोखले पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अनेक वर्षे अध्यापक होते हे खरे. तथापि पुलाला त्यांचे नाव लाभले ते त्यांच्या राजकारणातील थोरवीमुळे, असेच म्हटले पाहिजे. वर्गात उभे राहून शिकविणारा आणि घरी परतल्यावर जुने लेख वाचीत बसणारा मनुष्य पुलाच्या पाटीवर सहसा पोचत नाही.

आमच्या पांढुर्णा व सौसर ह्या तालुक्यांतून जाम नदी वाहते आणि पुढे कन्हानला मिळते. तिच्या एका तीरावर पांढुर्णा आणि समोरच्या तीरावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून दोन्ही गावांची माणसे एकमेकांवर गोटे फेकतात. ही गोटमार साऱ्या देशाला ठाऊक आहे. दरवर्षी तीत शेकडो लोक जखमी होतात. काहींचे प्राणही गेले आहेत. दूरच्या शहरांतील वर्तमानपत्रांत पांढुर्ण्याचे नाव छापून येते ते बहुधा ह्या एका दिवसापुरते.

परंतु पांढुर्ण्याचे नाव आणखी एका ठिकाणी छापलेले आहे, आणि ते तेथे कायमचे आहे. भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या प्राचीन कोरीव लेखांच्या ग्रंथमालेचा पाचवा खंड १९६३ साली निघाला. कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम असे त्या मालेचे लॅटिन नाव. त्या पाचव्या खंडात पांढुर्णा ताम्रपट म्हणून एक स्वतंत्र लेख आहे. प्राचीन भारताचा इतिहास जेथे जेथे गंभीरपणे शिकविला जातो, तेथील ग्रंथालयांत हा खंड असतो, आणि तो उघडणाऱ्या जपानी, जर्मन किंवा डच अभ्यासकाला आमच्या गावाचे नाव भेटते ते गोट्यांच्या संदर्भात भेटत नाही. ह्या खंडाचे संपादक होते महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. जाम नदीवरील पुलाला त्यांचे नाव द्यावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मत का झाले हे समजण्यासाठी त्यांचे चरित्र सांगणे अवश्य आहे.

मिराशींचा जन्म १३ मार्च १८९३ रोजी कोकणात कुवळे ह्या गावी झाला. हे गाव त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. आता ते सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात येते. कोकणातील बुद्धिमान मुलाने शिक्षणासाठी घाट चढून वर यावे अशी त्या काळची रीतच होती. मिराशींनी कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले आणि संस्कृत विषयात एम. ए. ची पदवी संपादन केली. १९१९ साली ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेथून पुढचे आयुष्य त्यांनी ह्याच प्रदेशात घालविले. कोकणचा मुलगा विदर्भाचा इतिहासकार झाला तो असा, नोकरीच्या निमित्ताने.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मिराशी हे मूळचे इतिहासाचे अध्यापक नव्हेत. ते संस्कृत शिकवीत. कालिदास, भवभूती, व्याकरण, काव्यशास्त्र हा त्यांचा नित्याचा व्यवसाय. कोरीव लेखांकडे ते वळले ते संस्कृतच्या वाटेने. कारण प्राचीन राजांची दानपत्रे संस्कृतात आहेत, आणि ती वाचण्यास ज्याला संस्कृत गद्याचे वळण अंगवळणी पडलेले आहे असाच मनुष्य लागतो. त्या काळी मध्यप्रांतात ह्या विषयाचा पाया रायबहादुर हिरालाल यांनी घातला होता. कटनीजवळच्या मुडवाऱ्याचे हे विद्वान शिक्षणखात्यातून वर चढले होते. प्रांतात कोठे कोणता शिलालेख किंवा ताम्रपट आहे याची त्यांनी केलेली यादी १९१६ साली प्रसिद्ध झाली होती. यादी झाली, परंतु प्रत्येक लेख पुन्हा पारखून वाचावयाचा, त्यातील राजांचा कालक्रम लावावयाचा आणि गावांची ठिकाणे शोधावयाची, हे काम बाकी होते.

ते काम किती अवघड होते याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. आमच्या प्रदेशावर पंधराशे वर्षांपूर्वी वाकाटक नावाच्या राजवंशाची सत्ता होती. १८८८ साली फ्लीट ह्या इंग्रज विद्वानाने वाकाटकांचे काही ताम्रपट प्रसिद्ध केले. त्यांत प्रभावतीगुप्ता नावाच्या राणीचा उल्लेख होता व तिच्या पित्याचे नाव देवगुप्त असे दिलेले होते. फ्लीटने हा देवगुप्त म्हणजे मगधातील सातव्या शतकातील त्याच नावाचा राजा समजून वाकाटकांना तेवढे अलीकडे ओढले. पुढे पुण्यात प्रभावतीगुप्तेचा स्वतःचाच एक ताम्रपट मिळाला आणि तीत तिने आपला पिता म्हणून गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याचे नाव स्पष्ट सांगितले होते. एका ताम्रपटाने एक सबंध राजवंश तीनशे वर्षांनी मागे सरकला! वाकाटक हे चंद्रगुप्त विक्रमादित्याचे व्याही होते, आणि प्रभावती ही आपल्या लहान मुलांच्या वतीने विदर्भाचा कारभार पाहणारी राणी होती, हे तेव्हा उघडकीस आले. त्या पुण्याच्या ताम्रपटात दान दिलेली जमीन पुण्याकडची नसून वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या बाजूची होती, हे मिराशींनी गावांच्या नावांवरून दाखविले. तांब्याचे पत्रे माणसांबरोबर प्रवास करतात. ज्या गावी पत्रा मिळतो त्या गावचीच जमीन त्यात असेल असे नाही. नवशिक्या अभ्यासकाचा पाय नेमका येथेच घसरतो.

ताम्रपट वाचतात तरी कसा, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येईल. शेत नांगरताना, घराचा पाया खणताना किंवा जुन्या वाड्याच्या भिंतीत असे पत्रे सापडतात. शाळेच्या पाटीहून लहान असे चार-पाच पत्रे एका कडीत ओवलेले असतात व कडीला राजमुद्रा असते. शेकडो वर्षे मातीत राहिल्याने त्यांवर हिरवा थर चढतो. सापडणाऱ्याला ते गुप्त धनाची खूण वाटते, किंवा नुसते तांबे. त्यामुळे किती पत्रे तांबटाच्या भट्टीत गेले याची गणती नाही. सुदैवाने एखादा पत्रा जाणत्याच्या हाती आला म्हणजे तो स्वच्छ करून त्यावरून शाईचा ठसा घेतात. वाकाटकांच्या पत्र्यांवरील लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात, कारण प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशा चौकोनी पेटीसारखी आकृती असते. अक्षर झिजलेले असते, कोरणाराने चूक केलेली असते, काना सुटलेला असतो. अशा वेळी वाचणाराने काय करावे? जे दिसते तेवढेच लिहावे, जे दिसत नाही ते कंसात ठेवावे, आणि जे आपल्याला असावेसे वाटते ते तेथे घुसडू नये. ऐकण्यास हा नियम सोपा आहे; पण मोठमोठ्या विद्वानांचाही तोल येथे गेलेला आहे.

मिराशींच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा शोध ह्याच नियमातून निघाला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांच्या एका मंत्र्याने कोरविलेला लेख आहे. पावसापाण्याने त्याचा बराच भाग झिजलेला. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनी तो वाचला, तेव्हा त्यांनी त्यातील पहिल्या राजांची नावे रुद्रसेन व पृथिवीषेण अशी लाविली. कारण वाकाटकांच्या ज्ञात वंशावळीत ती नावे होती. त्यावरून वाकाटकांचे घराणे एकच असा समज रूढ झाला. १९३९ साली वाशीम येथे एक नवा ताम्रपट सापडला. तो विंध्यशक्ती नावाच्या राजाचा होता, त्याच्या सदतिसाव्या राज्यवर्षाचा. त्याचा काही भाग संस्कृतात आणि काही प्राकृतात होता, आणि राजाच्या पित्याचे नाव त्यात सर्वसेन असे दिले होते. हा सर्वसेन कोण? आजवरच्या वंशावळीत त्याला जागा नव्हती. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि दाखवून दिले की जेथे रुद्रसेन वाचले गेले होते तेथे सर्वसेन आहे व जेथे पृथिवीषेण वाचले गेले होते तेथे विंध्यसेन आहे. म्हणजे वाकाटकांची दुसरी एक शाखा वत्सगुल्म येथे, म्हणजे आजच्या वाशीमला, राज्य करीत होती, आणि अजिंठ्याची सर्वोत्कृष्ट लेणी ज्या हरिषेणाच्या काळात कोरली गेली तो ह्याच शाखेचा राजा. अजिंठ्याच्या लेखावरील मिराशींचा हा ग्रंथ १९४१ साली हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्वखात्याने प्रसिद्ध केला. अक्षरे भिंतीवर पूर्वीही होती. सगळ्यांनी ती पाहिली होती. परंतु आपल्याला ठाऊक असलेले नावच समोर दिसावे अशी मनाची ओढ असते, आणि ती बाजूला सारून पाहणे मिराशींना साधले.

आता आपल्या घरच्या ताम्रपटाकडे वळू. पांढुर्णा ताम्रपट हा प्रभावतीगुप्तेचा पुत्र दुसरा प्रवरसेन याचा. त्याच्या राज्याच्या एकोणतिसाव्या वर्षी तो दिला गेला. म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा साधारण मध्य. राजधानी प्रवरपूर येथून तो निघाला आहे. प्रवरसेनाचे डझनाहून अधिक ताम्रपट आजवर मिळालेले आहेत, आणि त्यांतील कित्येक आमच्या आसपासचे आहेत. छिंदवाडा जिल्ह्यात दुधिया येथे एक मिळाला तो तेविसाव्या वर्षाचा. मुलताई तालुक्यात पट्टण येथे मिळालेला सत्ताविसाव्या वर्षाचा. शिवनीचा अठराव्या वर्षाचा. अचलपूरजवळ चम्मक येथे मिळालेल्या ताम्रपटात तर एक हजार ब्राह्मणांना गाव दिल्याचा उल्लेख आहे. नकाशावर ही ठिकाणे मांडून पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. आज त्यांच्यामधून महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांची सीमा जाते. प्रवरसेनाच्या काळी ती सर्व एका राज्यात होती. त्या राज्याचे विभाग 'मार्ग' ह्या नावाने ओळखले जात. ह्या भागातील लेखांत येणारे वरदाखेट हे नाव म्हणजे आजचे वरूड, हे मिराशींनी बसविलेले समीकरण आहे. वरूडच्या बाजाराला जाणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना हे कळले तर गंमत वाटेल.

ह्या दानपत्रांत राजस्तुतीखेरीज दुसरे काय असते, असे कोणी विचारील. वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावाला मिळणाऱ्या सवलतींची लांबलचक जंत्री असते, आणि इतिहास वाचावयाचा तो तेथे. त्या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. गावाने गाई व बैल पुरवावयाचे नाहीत. फुले व दूध द्यावयाचे नाही. चारा, बसावयास कातडी व कोळसा यांची मागणी होणार नाही. मिठाच्या खाणीवरील हक्क राजा सांगणार नाही. जमिनीत पुरलेला ठेवा गावाचाच. ह्याचा सरळ अर्थ असा की ज्या गावांना अशी सनद नव्हती, त्यांना ह्या सर्व गोष्टी निमूटपणे द्याव्या लागत. राजाची माणसे गावात उतरली की दूध, चारा, कोळसा, कातडे सर्व गोळा होत असे. पाचव्या शतकातील कुणब्याचे व गवळ्याचे जिणे कोणत्याही काव्यात सापडत नाही. ते ह्या सवलतींच्या यादीत उलट्या बाजूने वाचावे लागते. मिराशींनी ह्या पारिभाषिक शब्दांचे अर्थ एकेक करून लाविले. राजांच्या वंशावळीपेक्षा त्यांचे हे काम मला अधिक मोलाचे वाटते, मग पंडितांचे मत काहीही असो.

आणि प्रवरसेन हा नुसता दाने देणारा राजा नव्हता. माहाराष्ट्री प्राकृतात रचलेले 'सेतुबंध' हे महाकाव्य त्याच्या नावावर आहे. रामाने वानरांकरवी समुद्रावर सेतू बांधून लंकेवर स्वारी केली तो त्याचा विषय. काश्मीरच्या त्याच नावाच्या राजाला काहींनी ह्या काव्याचे कर्तृत्व दिले होते. मिराशींनी ते वाकाटक प्रवरसेनाचे ठरविले व आज बहुतेक अभ्यासक तेच मानतात. माहाराष्ट्री प्राकृत ही आपल्या मराठीची पूर्वज भाषा. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा तिच्या प्राचीनतेची फार चर्चा झाली. पांढुर्णा व सौसर येथे, हिंदी राज्यात राहून मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांना आपली भाषा येथे पाहुणी आहे असे कधी कधी सुचविले जाते. त्यांनी हे जाणून घ्यावे की ज्या राजाच्या दानपत्राला त्यांच्या गावाचे नाव मिळाले आहे, त्याच राजाने मराठीच्या पूर्वज भाषेत महाकाव्य रचिले, आणि त्या काव्याचा विषय पूल बांधणे हा होता.

मिराशींचे नाव सामान्य वाचकांत गाजले ते मात्र कालिदासामुळे. 'कालिदास' हा त्यांचा मराठी ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. कालिदास हा दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या आश्रयाला होता, आणि प्रभावतीगुप्तेच्या काळात तो विदर्भात काही काळ राहिला असावा, असे त्यांचे प्रतिपादन. 'मेघदूता'तील यक्ष ज्या रामगिरीवर राहतो तो नागपूरजवळचा रामटेक, हे मत त्यांनी अनेक पुराव्यांनी मांडले. सरगुजातील रामगढचा पक्ष घेणारे विद्वानही होते व आहेत. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण रामटेकला आज आषाढाच्या पहिल्या दिवशी कालिदासाचे स्मरण होते आणि १९९७ साली तेथे कालिदासाच्या नावाने संस्कृत विद्यापीठ स्थापन झाले, त्यामागे मिराशींच्या ह्या प्रतिपादनाचा मोठा वाटा आहे. एक कौतुकाची गोष्ट अशी की मुलताईकडच्या पट्टण ताम्रपटाच्या लेखकाचे नावही कालिदास असेच आहे. नावाच्या साम्यावरून उडी मारून तोच महाकवी असे म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता. दानपत्र लिहिणारा कारकून आणि महाकवी एकच, असे म्हणण्यास नुसते नाव पुरत नाही.

इंग्रजीतील मोठ्या खंडांबरोबर मिराशी मराठीतही सतत लिहीत राहिले, ही गोष्ट आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची. संशोधकाने इंग्रजीत लिहावे, म्हणजे विलायतेत नाव होते. मराठीत लिहिल्याने ते होत नाही. तरीही आपले शोध त्यांनी 'संशोधन मुक्तावलि' ह्या नावाने भागाभागांनी मराठी वाचकांपुढे ठेविले. 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हा त्यांचा मराठी ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे त्याच विषयावरील इंग्रजी खंडाच्या सहा वर्षे आधी. वऱ्हाडातल्या तऱ्हाळे गावी सापडलेला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा त्यांनीच तपासून प्रसिद्ध केला; त्यातून कित्येक सातवाहन राजांची नावे प्रथमच नाण्यांवर वाचावयास मिळाली.

अध्यापनातही ते पायरीपायरीने वर गेले. मॉरिस कॉलेजचे ते प्राचार्य झाले, पुढे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि १९५० साली सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. १९४१ साली त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. संस्कृत पंडितांना सरकारकडून मिळणारा त्या काळचा तो सर्वोच्च बहुमान. निवृत्तीनंतर पुष्कळ प्राध्यापक विश्रांती घेतात. मिराशींचे मोठे ग्रंथ निवृत्तीनंतरच निघाले. १९५५ साली कलचुरी राजांच्या लेखांचा चौथा खंड दोन भागांत प्रसिद्ध झाला. जबलपूरजवळची त्रिपुरी आणि छत्तीसगडातील रतनपूर येथील राजांचे लेख त्यात एकत्र आहेत, आणि ज्या कलचुरी-चेदी शकाने ते काल सांगतात त्याचा आरंभ इसवी सन २४८-४९ च्या सुमारास कसा धरावा याची गणिते मांडलेली आहेत.

दुसऱ्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर राजधानी असलेला जुना मध्यप्रदेश मोडला. विदर्भ मुंबई राज्यात गेला; छिंदवाडा जिल्हा, आणि त्यात सौसर व पांढुर्णा, नव्या मध्यप्रदेशात राहिला. मिराशी नागपूरला होते, म्हणून ते महाराष्ट्राचे झाले. त्यांनी अभ्यासिलेले निम्मे लेख मध्यप्रदेशात राहिले, म्हणून तेही त्या राज्याचे. त्याचा परिणाम असा झाला की महाराष्ट्रात त्यांना विदर्भाचे इतिहासकार म्हणतात, मध्यप्रदेशात कलचुरींचे म्हणतात, आणि मधल्या आमच्या पट्ट्यात त्यांना कोणी आपले म्हणत नाही. २०२३ साली पांढुर्णा व सौसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला आपला इतिहास कोठून सुरू करावयाचा हे ठरवावे लागेल, आणि त्या वेळी १९६३ चा तो खंड उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

वाकाटकांच्या खंडानंतर त्यांनी शिलाहारांचे लेख हाती घेतले. शिलाहार म्हणजे उत्तर कोकण, दक्षिण कोकण व कोल्हापूर येथे राज्य करणारी तीन घराणी. मिराशींचा जन्म आणि शालेय शिक्षण झाले ते नेमके ह्यांच्याच मुलखात. हा सहावा खंड १९७७ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्यानंतरही त्यांनी सातवाहन व पश्चिमी क्षत्रप यांच्या लेखांवर ग्रंथ लिहिला. १९७५ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले होते. ३ एप्रिल १९८५ रोजी ते निवर्तले. वय ब्याण्णव वर्षांचे.

त्यांची सगळीच मते आज टिकलेली आहेत असे मुळीच नाही, आणि चरित्रकाराने ते झाकून ठेवू नये. पांढुर्णा ताम्रपट जेथून निघाला ते प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे मिराशींचे मत होते व ते बराच काळ सर्वमान्य होते. १९९७-९८ पासून रामटेकजवळ मनसर येथे मोठे उत्खनन झाले. तेथे वाकाटककालीन भव्य बांधकामे व प्रवरेश्वर नावाच्या देवालयाशी संबंध दाखविणारी मुद्रा मिळाली, तेव्हापासून प्रवरपूर म्हणजे मनसर असे अनेक अभ्यासक म्हणू लागले. मिराशींनी फ्लीटला व ब्यूलरला दुरुस्त केले. त्यांना त्यांच्या मागून आलेल्यांनी दुरुस्त केले. मात्र दुरुस्ती करणारांनाही आरंभ करावा लागतो तो मिराशींनी छापलेल्या पाठापासूनच.

आता पुलाविषयी. काही आक्षेप मला दिसतात. पहिला असा की मिराशी येथले नव्हेत. खरे आहे. ते कोकणचे, राहणारे नागपूरचे. परंतु आगगाडीने दीड-दोन तासांवर असलेले नागपूर पांढुर्ण्याला कधीच परके नव्हते. आमच्या संत्र्यांची पेटी तेथे जाते आणि आमचा आजारी माणूसही तेथेच जातो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आमच्याच गावांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी शाळा चालविणारे, पगार अपुरा असता मुलांना घरी बोलावून शिकविणारे गुरुजी होऊन गेले; त्यांना सोडून नागपूरच्या महामहोपाध्यायाचे नाव का? ह्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. त्या गुरुजींची नावे शाळांच्या खोल्यांना, वाचनालयांना, रस्त्यांना द्यावीत. पूल मात्र दोन्ही तीरांचा असतो. पांढुर्ण्याच्या गुरुजींचे नाव दिले तर सावरगाव विचारील, सावरगावच्या गुरुजींचे दिले तर पांढुर्णा विचारील. आणि ज्या दोन तीरांमध्ये आधीच वर्षातून एकदा गोटे चालतात त्यांच्यात आणखी एक कारण घालण्यात अर्थ नाही. मिराशी दोन्ही तीरांना सारखेच दूरचे व सारखेच जवळचे आहेत.

तिसरा आक्षेप मुलेच घेतील, की पुलाला एवढे लांब नाव कोण घेणार. घेणार नाही कोणी. लोक जामेचा पूल असेच म्हणत राहतील, आणि त्यात काही वावगे नाही. पाटी मात्र असावी, आणि नगरपालिकेने ठराव केलाच तर ती मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत असावी. तीवर नाव, १८९३ ते १९८५ ही वर्षे, आणि खाली एवढेच लिहावे की ह्यांनी पांढुर्णा ताम्रपटाचे संपादन केले. जवळच त्या ताम्रपटाच्या एका पत्र्याचे छायाचित्र मोठे करून लावावे, म्हणजे पुलावरून शाळेला जाणाऱ्या मुलांना ती पेटीच्या डोक्याची अक्षरे पाहता येतील. एखादे ओळखताही येईल.

समारंभासाठी १३ मार्च हा जन्मदिवस सोयीचा नाही. त्या वेळी वार्षिक परीक्षा चालू असतात आणि जामेत पाणीही उरलेले नसते. त्यापेक्षा आषाढाचा पहिला दिवस बरा. शाळा उघडलेल्या असतात, मुले मोकळी असतात, आणि त्या दिवसाशी मिराशींचा संबंध सांगावयास एखादे शिक्षकही उभे राहतील. पाऊस वेळेवर आला असेल तर पुलाखालून गढूळ का होईना, पाणी वाहत असेल.